कार्यानुभवाच्या तासाला एक मूठ घडवू या

आधी एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या घरात दाढीचा ब्रश असेल, तर त्याची मूठ कशाची आहे? आज सकाळीच ती कुणीतरी हातात धरली असेल, तरी चटकन सांगता येत नाही. कारण ती आपण घडवलेली नाही, विकत आणलेली आहे. मोडली की फेकायची आणि दुसरी आणायची.

माझ्या ब्रशची प्लास्टिकची मूठ अशीच एकदा तडकली. केस मात्र शाबूत होते. सोमेश्वरनगरात सुतारकाम करणारे एक पालक आहेत, त्यांच्याकडे खिडकीच्या कामासाठी गेलो होतो. बोलता बोलता ब्रशचा विषय निघाला. त्यांनी कोपऱ्यातल्या ढिगातून सागाचे दोन तुकडे आणि मोडक्या बैलगाडीच्या आऱ्याचा बाभळीचा एक तुकडा उचलला. तिन्ही चिकटवले आणि दोन दिवसांनी मूठ हातात दिली. वर-खाली पिवळसर साग, मध्ये तांबूस बाभूळ. ती मी आठवीच्या वर्गात नेली. पोरांनी ती या बाकावरून त्या बाकावर फिरवली आणि प्रश्न सुरू झाले. "सर, दोन लाकडं कशाला?" "पाण्यात फुगणार नाही का?" "केस आत कसे बसवले?" माझ्या वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत कार्यानुभवाच्या तासाला इतके प्रश्न कधी आले नव्हते.

म्हणून आज माझं मत स्पष्ट मांडतो. कार्यानुभवात मुलांनी अशी वस्तू घडवावी, जी घरात रोज वापरली जाईल आणि वापरताना तिची परीक्षा होईल. दाढीच्या ब्रशची मूठ हे त्याचं एक चांगलं उदाहरण आहे.

आपण सध्या काय करतो?

खरं बोलू या. थर्माकोलचा किल्ला, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, कागदी फुलांची परडी. त्यातलं अर्धं काम आई किंवा मोठी बहीण रात्री बसून करते. वस्तू शाळेत येते, कपाटावर बसते, धूळ खाते आणि दिवाळीच्या साफसफाईत बाहेर जाते. नोंदवहीत आपण लिहितो, 'सहभाग उत्तम'. मी स्वतः हे कितीतरी वर्षं केलं आहे, म्हणून कुणावर बोट ठेवत नाही.

त्या किल्ल्याला पाणी लागत नाही, त्याला कुणी रोज हात लावत नाही. तो चांगला झाला की वाईट, हे कधी कळतच नाही. मुठीचं तसं नाही. तिला रोज सकाळी पाणी लागतं, साबण लागतो, ओल्या हातात ती धरावी लागते. चूक असेल तर पंधरा दिवसांत ती चूक घरून शाळेत परत येते. आमच्याकडे तसंच झालं.

पहिल्या वेळी आमचं काय चुकलं

पहिल्या खेपेला आम्ही अकरा मुठी केल्या. लाकूड विकत आणलं नाही. आपल्या भागात बाभूळ, कडुनिंब, चिंच, आंबा यांचे तुकडे सुताराकडे आणि वखारीत पडलेले असतात. श्रावणात करंज्याच्या सोमेश्वराला नारळ फुटतात, म्हणून करवंट्यांनाही तोटा नाही. एका मुलानं विचारलं, "सर, आपल्याकडे ऊस एवढा, मग उसाचीच मूठ का नको?" मी त्याला नाही म्हटलं नाही. कांडं कापून वाळवायला ठेवलं. आठवड्याभरात ते सुरकुतलं, त्याला मुंग्या लागल्या आणि बुरशी आली. मग फळ्यावर बोललो: ऊस हे गवत आहे, आतला मऊ गर रसानं भरलेला असतो. बांबू हेही गवतच, पण तो कठीण कशामुळे? पुस्तकाच्या पानावर हा प्रश्न कुणी विचारला नसता.

तर अकरा मुठी झाल्या. तेल लावून चकचकीत केल्या, घरी गेल्या. तीन आठवड्यांत त्यातल्या सात परत आल्या. कुणाची जोडावर उकलली, कुणाची उभी चिरली, एकीला काळे डाग पडले. पोरं हिरमुसली. मलाही वाईट वाटलं, कारण चूक माझी होती. मी सुताराला न विचारता घाई केली होती.

त्या सात मुठी टेबलावर मांडल्या आणि सुतारकाम करणाऱ्या त्या पालकांना वर्गात बोलावलं. त्यांनी एकेक मूठ हातात घेऊन कारण सांगितलं. आंब्याचं लाकूड ओलं होतं, नुकतंच कापलेलं. ते नंतर वाळलं आणि आकसलं, बाभूळ मात्र तशीच राहिली, म्हणून जोड सुटला. काही मुठींत एका तुकड्याच्या रेषा उभ्या होत्या आणि दुसऱ्याच्या आडव्या. लाकूड ओलाव्यानं लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत फुगतं. रेषा एकमेकींना आडव्या असल्या की एक तुकडा ताणतो, दुसरा हलत नाही, मग चिरतं. आणि आम्ही वापरलेला पांढरा गम कपाटाला ठीक आहे, रोजच्या पाण्याला तो टिकत नाही.

विज्ञानाच्या पुस्तकात 'प्रसरण' हा शब्द मुलांनी पाठ केला होता. त्या दिवशी तो त्यांना हातात धरता आला. माझ्या मते पूर्ण उपक्रमातला सर्वांत मोलाचा तास तोच होता.

दुसऱ्या वेळी काय केलं

ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी क्रम देतो.

पहिलं काम वजनाचं. तुकडे सावलीत, हवेशीर जागी रचले आणि दर शनिवारी किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करून तक्ता भरला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. मुलांनी त्याचा आलेख काढला.

दुसरं, बादलीतला प्रयोग. प्रत्येक जातीचा सारख्या मापाचा ठोकळा पाण्यात सोडला. आंबा बराच वर राहिला, बाभूळ जास्त बुडाली, करवंटीचा तुकडा सरळ तळाशी गेला. घनता शिकवायला याहून वेगळं साहित्य लागत नाही. जड लाकूड मुठीच्या खालच्या भागात घेतलं तर ब्रश उभा ठेवल्यावर कलंडत नाही, हे मुलांनीच सुचवलं.

तिसरं, जोडकाम. सगळ्या तुकड्यांच्या रेषा एकाच दिशेनं. दोन ट्यूबचा इपॉक्सी गम, शिकंजात एक दिवस दाबून ठेवायचं. दोन लाकडांच्या मध्ये करवंटीची किंवा पितळी पत्र्याची चकती घालायची असेल, तर ती आधी पॉलिश पेपरनं खरखरीत करायची. गुळगुळीत पृष्ठावर गम धरत नाही.

चौथं, भोक. केसांचा तयार गुच्छ मिळतो, किंवा मूठ मोडलेल्या जुन्या ब्रशातून काढता येतो. आमच्या गुच्छाचा बुंधा २० मिमीचा होता. भोक ठोकळा चौकोनी असतानाच पाडायचं, कारण तेव्हा तो घट्ट धरता येतो. हे काम सुतारांनी त्यांच्या यंत्रावर केलं, मुलांनी नाही. मुलांनी फक्त मध्यबिंदू काढून दिला. कर्ण काढून चौरसाचा मध्य शोधणं त्यांनी पाचवी-सहावीपासून केलं होतं, पण तो चुकला तर काय होतं हे पहिल्यांदाच दिसलं. मुठीचा व्यास ३ सेंमी आणि भोक २ सेंमी, म्हणजे कडेला फक्त अर्धा सेंमी लाकूड उरतं. मध्य ३ मिमीनं सरकला तर एका बाजूला २ मिमीच.

पाचवं, आकार. कानस आणि पॉलिश पेपर. आधी ८० नंबर, मग १२०, २२०, शेवटी ४००. इथे खूप वेळ जातो आणि जाऊ द्यावा. आठवीच्या पुस्तकात वृत्तचितीचं घनफळ आहे. ४ × ४ × ५ सेंमीचा ठोकळा म्हणजे ८० घन सेंमी. त्यातून ३ सेंमी व्यासाची ५ सेंमी उंच मूठ काढली तर साधारण ३५.३ घन सेंमी. भोकाचे ३.१ वजा केले की उरतात ३२.२. म्हणजे पाचातले तीन भाग भुसा! मुलांना हे उत्तर खोटं वाटलं. मग त्यांनी भुसा गोळा करून तोलला.

शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा. लाखेचं पॉलिश दिसायला सुरेख, पण पाण्यानं त्यावर पांढरे डाग येतात. हेही आम्ही करूनच शिकलो.

दुसऱ्या खेपेच्या मुठींपैकी एकच परत आली.

फळ्यावरची माझी दुसरी चूक

पहिल्या दिवशी मी उत्साहात फळ्यावर लिहिलं होतं, 'वडिलांसाठी भेट'. वर्गात एक मुलगी गप्प बसून राहिली. तिचे वडील हयात नाहीत, हे मला माहीत होतं, तरी लिहिताना सुचलं नाही. मी ते पुसलं आणि लिहिलं, 'घरातल्या कुणासाठीही, हातात धरायची कुठलीही वस्तू'. तिनं आईच्या खुरप्याला मूठ केली. आई दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जाते. अखंड बाभळीचा एकच तुकडा, आईच्या हाताचं माप दोऱ्यानं घेऊन घासलेला. पहिल्या खेपेत ज्या चार मुठी टिकल्या, त्यात ती होती. आजही ते खुरपं रानात जातं.

असाच एक मुलगा. त्याचे आईवडील बीडकडून ऊसतोडीला येतात, गाळप सुरू असेपर्यंत तो आमच्या वर्गात बसतो. वाचनात मागे, म्हणून नेहमी शेवटच्या बाकावर. मुठींचं काम सुरू झालं तसा तो उठून पुढे आला. "सर, ही मूठ सुटंल. टोकाला जाड पाहिजे." कोयत्याची मूठ टोकाला जाड का असते, घामानं हात निसरडा झाल्यावर काय होतं, मूठ बारीक असली तर बोटांत गोळे कसे येतात, हे त्यानं हातवारे करून सांगितलं. ओल्या हातात धरायच्या ब्रशला तोच नियम लागू पडतो. त्या दिवसानंतर चार मुलं त्याला विचारून मगच कानस चालवायची. मार्चमध्ये तो गेला. त्याच्या प्रगतिपत्रकावर वाचनाची श्रेणी तीच राहिली, हे लपवत नाही. पण त्याला येतं काय, हे शाळेला त्या कामामुळेच कळलं.

"आमच्या पोराला रंधा मारायला पाठवलं का?"

हा प्रश्न मला पालकसभेत विचारला गेला, आणि तो विचारणारे स्वतः कारागीर होते. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं, पोरानं यातून बाहेर पडावं म्हणून शाळेत घातलं आणि तुम्ही पुन्हा तिथंच आणून बसवता. हा प्रश्न हसून उडवण्यासारखा नाही. आपल्याकडे हातातली अवजारं जातीनं वाटली गेली होती. रंधा एका घराला, वस्तरा दुसऱ्या घराला, आणि पुस्तक तिसऱ्याला.

हा आक्षेप जुना आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं सुतारकाम, सूतकताई, शेती असे उद्योग धरून अभ्यासक्रम आखला. हीच नई तालीम. ती फार काळ रुजली नाही, त्याचं एक मोठं कारण पालकांना वाटलेली हीच भीती होती: शहरातल्या मुलांना पुस्तकं आणि खेड्यातल्या मुलांना टकळी. पुढे कोठारी आयोगानं (१९६४–६६) कार्यानुभव सुचवला. तो वेळापत्रकात आला, पण बऱ्याच ठिकाणी तिथेच राहिला.

त्या पालकांना मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, हे काम वर्गातली सगळी पोरं करतात. डॉक्टरांचा मुलगा, कारखान्यातल्या कामगाराची मुलगी आणि सुताराचा मुलगा एकाच बाकावर तोच ठोकळा घासतात. काम एका घराचं राहिलं नाही की त्याला चिकटलेला कमीपणाही राहत नाही. दुसरी, मूठ करणारा मुलगा सुतारच होईल असं मुळीच नाही. फिनलंडमध्ये १८६६ पासून ग्रामीण शाळांत हस्तकाम सक्तीचं आहे. शेजारच्या स्वीडनमध्ये ओटो सालोमन यांनी शिक्षकांसाठी जी पद्धत बसवली, तिचे नमुने साध्या घरगुती लाकडी वस्तूंचे होते, त्यात कुऱ्हाडीचा दांडाही होता. वस्तू घरी उपयोगी पडली पाहिजे आणि मुलानं ती स्वतः पूर्ण केली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. ते देश सुतारांचे झाले नाहीत. आपल्याच जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथंही हाच विचार: हातानं काम करता करता विज्ञान समजतं.

आणि कसब एका जागी बांधून राहत नाही, याचं उदाहरण आपल्या मिरजेत आहे. शस्त्रं घडवणाऱ्या, घासणाऱ्या शिकलगार घराण्यांनी सतार-तंबोरे करायला घेतले आणि मिरजेची तंतुवाद्यं देशभर गेली. भोपळा, तुणीचं लाकूड, हाड, धातूच्या तारा हे सगळं एकत्र आणून ते सुरात बोलवायचं, हे आपल्या मुठीपेक्षा शंभरपट अवघड काम. पण त्यातला पहिला धडा तोच, की वेगवेगळ्या पदार्थांचा स्वभाव ओळखून त्यांना एकत्र नांदवायचं.

त्या पालकांचं पूर्ण समाधान झालं असं म्हणणार नाही. आपल्या मुलानं सुतारकाम करू नये, हे त्यांचं मत आजही कायम आहे आणि तो त्यांचा हक्क आहे. पण वर्गात शिकवायला मात्र ते स्वतःहून येतात.

काही सूचना, कळकळीनं

केस कृत्रिम घ्या. आणि याच निमित्तानं चित्रकलेच्या ब्रशांकडेही बघा. मुंगसाच्या केसांचे ब्रश विकणं आणि बाळगणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, तरी ते कुठे कुठे मिळतात. मुलांना ही गोष्ट कळू द्या. जनावरांच्या केसांची आणखी एक गोष्ट: पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांचे दाढीचे ब्रश नीट निर्जंतुक न करता विकले गेले आणि ब्रिटन-अमेरिकेत त्यातून अनेकांना अँथ्रॅक्स, म्हणजे आपले शेतकरी ज्याला फाशी रोग म्हणतात तो, झाला. स्वच्छतेचा धडा यातून आपोआप येतो. ब्रश एकट्याचाच, धुऊन, झटकून वाळत ठेवायचा.

लाकूड घासताना तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधा, काम व्हरांड्यात करा. यंत्राजवळ मुलं नकोत. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकते. उघडी पसरून वाळवा आणि असं का होतं, हेही सांगा. झाड तोडायची तर गरजच नाही, तुकडे भरपूर पडलेले असतात.

वेळेचं म्हणाल, तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत, आणि त्या दिवसांत मुलांनी ज्यांच्याकडे शिकावं त्यात सुतार, कुंभार, माळी यांचा उल्लेख आहे. त्यातले चार दिवस या कामाला द्या. गावातल्या कारागिराला बोलवा, त्याला खुर्ची द्या आणि जमेल तसं मानधनही द्या. फुकटात बोलवून 'श्रमप्रतिष्ठा' शिकवता येत नाही.

पालकांना एकच विनंती. मूठ वाकडी झाली तरी ती तुम्ही हातात घेऊ नका, पूर्ण करून देऊ नका. घरी आली की वापरा. मोडली तर रागावू नका, तुकडे एका पिशवीत घालून पोराबरोबर शाळेत परत पाठवा. आम्हाला ते तुकडे हवे आहेत. पुढचा धडा त्यांच्यावरच आहे.